चिकूवर बुलबुल चालतो, मग वटवाघूळ का नको?

नीला_प्रतापगंज
मंडळी, प्रश्न विचित्र वाटेल, पण आमच्या सोसायटीत त्यावरून दोन तट पडलेत. कंपाउंडात एक जुना चिकू आहे, कुंपणाला आसोपालवाची रांग आहे आणि मागे निम्मा आमच्या, निम्मा शेजाऱ्यांच्या जागेत एक वड आहे. दिवसा या झाडांवर लालबुड्या बुलबुलांची वर्दळ असते. तळमजल्यावरच्या काकूंच्या मधुमालतीत एका जोडीने घरटं केलं, तर पिल्लं उडेपर्यंत तिकडचा दिवा कुणी लावला नाही. रात्री त्याच झाडांवर वटवाघळं येतात. तोच चिकू, त्याच वडाची फळं. त्यांच्यासाठी मात्र सेक्रेटरींनी ठराव आणलाय: वडाच्या फांद्या उतरवायच्या, फ्लडलाइट बसवायचा आणि तोवर रोज संध्याकाळी फटाके लावायचे.

बुलबुलाने टोचलेला चिकू दिसला की 'पाखरांचाही वाटा असतो', आणि वटवाघळाने खाल्लेला दिसला की 'शी, घाण'. मला हे पटत नाही. मिटिंगच्या आधी या दोघांची नीट तुलना हवी आहे: कोण किती नासतं, कोण काय देतं, कुणापासून काय धोका. भावना आमच्याकडे दोन्ही बाजूंनी भरपूर आहेत, माहिती द्या.

टवाळ_मांडवी
सोपं आहे. बुलबुल मेंटेनन्स न भरता दिवसा राहतो, वटवाघूळ न भरता रात्री. दोघांना नोटीस काढा.

रानभूल
नीलाताई, आधी एक ठरवा, कोणतं वटवाघूळ? बडोद्यात फळं खाणारी दोन सहज दिसतात. एक मोठं, पिंगट मानेचं. पंख पसरले की चार फुटांच्या आसपास, वजन किलोच्या आगेमागे. आपले गुजराती शेजारी ज्याला वागोळ म्हणतात ते. ही उंच झाडांवर उघड्यावर, शेकड्यांनी लटकतात आणि दिवसभर कलकलाट करतात. दुसरं छोटं, आखूड नाकाचं, ४०-५० ग्रॅमचं. म्हणजे बुलबुलाहून थोडंसंच जड. हे चार-सहाच्या टोळीत ताडाच्या झावळीखाली किंवा दाट पानोळ्यात राहतं. याचे नर डहाळ्या आणि देठ कुरतडून आत पोकळ तंबू तयार करतात आणि माद्यांना तिथे राहायला बोलावतात. आसोपालव ही त्यांची आवडती जागा.

ओळखायची खूण सांगते. छोटं वटवाघूळ फळ झाडावर बसून खात नाही. तोडून दुसऱ्या झाडावर नेतं, तिथे चावून रस गिळतं आणि चोथा थुंकतं. सकाळी आसोपालवाखाली चिकूच्या बिया आणि चोथ्याच्या चपट्या गोळ्या सापडतात का?

नीला_प्रतापगंज
सापडतात! झाडूवाल्या मावशी रोज त्यावरूनच बोलतात. मोठीही येतात पण वडावर, आणि फळं संपली की दिसेनाशी होतात. दिवसा आमच्याकडे मोठं एकही लटकलेलं नसतं.

रानभूल
म्हणजे मोठी फक्त जेवायला येतात, मुक्काम दुसरीकडे. मग फटाके कुणाला उडवणार? वडाला फळं आहेत तोवर ती येणार आणि फळं संपली की तुम्ही न सांगता जाणार.

अबोली
माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. बुलबुल गातो. सकाळी त्याचा आवाज ऐकून बरं वाटतं. वटवाघळाने आपल्याला काय दिलंय? प्रत्येक आवडीनिवडीला भेदभाव कशाला म्हणायचं?

सूरसागर_काठी
अबोली, गाण्याचा विषय काढलास म्हणून. पक्षिशास्त्रात 'गाणारे पक्षी' हा एक गट आहे आणि त्यात शिरायची अट गोड गळा ही नाही. पक्ष्यांचं स्वरयंत्र आपल्यासारखं घशात नसतं, श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे खाली असतं. या गटात ते यंत्र जास्त गुंतागुंतीचं असतं, आणि पिल्लं मोठ्यांचं ऐकून आवाज शिकतात. बुलबुल या गटात आहे. कावळाही आहे. आणि कोकीळ नाही! तो वेगळ्याच गणात मोडतो. परक्याच्या घरट्यात वाढतो, तरी स्वतःच्याच जातीचा आवाज काढतो, कारण तो शिकलेला नसतोच.

टवाळ_मांडवी
थांबा थांबा. मौलाबक्षांनी १८८६ साली जिथे गायनशाळा काढली, फैयाजखाँसाहेब जिथे दरबारगायक होते, त्या शहरात तुम्ही कावळ्याला गवई आणि कोकिळेला बाहेरची ठरवताय? दांडिया बाजारात पाय ठेवू नका आता.

अर्धवट
त्यातून वसंतात गळा काढतो तो नर. कोकिळा बिचारी 'किक् किक्' करते. आपली निम्मी भावगीतं चुकीच्या पत्त्यावर गेली आहेत.

सूरसागर_काठी
:) आणि वटवाघूळ गप्प असतं असंही नाही. मध्य अमेरिकेत पाठीवर दोन पांढरट रेघा असलेलं, पंखाला पिशवी असणारं एक छोटं वटवाघूळ आहे. त्याचे नर चक्क गातात, आणि पिल्लं मोठ्यांचं गाणं उचलण्याआधी तान्ह्या बाळांप्रमाणे बडबड करतात. २०२१ साली यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. इजिप्तमध्ये सापडणाऱ्या फळखाऊ वटवाघळांचे हजारो आवाज रेकॉर्ड करून पाहिले, तर बहुतेक सगळे भांडणाचे निघाले. माझ्या जागेवर का झोपलीस, माझं खाणं का घेतलंस, इतकं चिकटून का बसलास, नको म्हटलं तरी अंगचटीला का येतोस. चार विषय.

नीला_प्रतापगंज
अगदी आमच्या सोसायटीची मिटिंग. फक्त पार्किंग राहिलं.

डहाणूचा_माळी
मी बडोद्याचा नाही, सासुरवाडी रावपुऱ्यात, म्हणून इथे वाचत असतो. तुमची सगळी चर्चा एका झाडाची आहे. माझी चिकूची वाडी आहे. तुम्हाला कौतुक परवडतं, आम्हाला तोटा मोजावा लागतो. वटवाघूळ फळ टोचून सोडत नाही, अख्खं घेऊन जातं. चार खातं तेव्हा दोन धक्क्याने खाली पाडतं.

पण खरं तेही सांगतो. चिकू आम्ही झाडावर पिकू देत नाही. तयार झाला की कडक असतानाच उतरवतो आणि घरात पिकवतो. नखाने साल खरवडायची, खाली हिरवं दिसलं तर थांबायचं, पिवळट दिसलं की तोडायचं. वटवाघळाला वास येतो तो पिकलेल्याचा. तोड वेळेवर झाली तर त्याच्या वाट्याला राहून गेलेली फळंच येतात. मजूर मिळाले नाहीत आणि तोड लांबली की मात्र रात्रीत वाडीचा बाजार उठतो.

आता तुमचा लाडका बुलबुल. पेरूच्या बागवानाला विचारा. एका फळावर दोन चोची मारतो आणि पुढच्यावर जातो. त्या भोकात मुंग्या, मग माशी, मग कूज. फळ झाडावर दिसतं पण विकता येत नाही. द्राक्षवाले, डाळिंबवाले त्याला साधू समजत नाहीत. फिजी आणि हवाईमध्ये माणसांनी नेऊन सोडला, तिथे आज तो उपद्रवी पक्ष्यांच्या यादीत आहे. माझ्या दृष्टीने दोघेही चोर. एक दिवसाढवळ्या चोरी करतो म्हणून त्याला इज्जत.

भायलीकर
+१ डहाणूकर. कुणीतरी बागवानाची बाजू मांडली ते बरं झालं.

रानभूल
काकांचं पेरूचं निरीक्षण पटलं. एक भर घालते. फळाकडे बघून त्याचं गिऱ्हाईक कोण ते बऱ्याचदा सांगता येतं. पक्ष्याला रंग उत्तम दिसतो आणि बहुतेकांचं नाक यथातथाच असतं. म्हणून लहान, लाल-काळी, बिनवासाची फळं त्याची. फळखाऊ वटवाघळाला रात्री रंगाचं काय? त्याला वास हवा, आणि पंख न अडकता पोचता येईल असं पानांबाहेर लोंबणारं फळ हवं. पिकल्यावरही मातकट-हिरवं दिसणारं पण घमघमणारं फळ दिसलं की समजावं. मोहाची फुलं-फळं, देशी बदाम, पेरू. वडाचं फळ लाल असूनही दोघांना चालतं, म्हणून तुमच्याकडे दोन पाळ्यांत खानावळ चालते.

आणि मिरची! पिकलेली लाल मिरची बुलबुल आरामात गिळतो. सस्तन प्राण्यांना जो तिखटपणा झोंबतो तो पक्ष्यांच्या तोंडाला जाणवत नाही. वटवाघूळ आपल्याच जातकुळीतलं, त्याला झोंबणार. गच्चीवरच्या मिरच्या गेल्या तर रात्रपाळीला दोष देऊ नका.

जुना_मास्तर
निवृत्त प्राध्यापक आहे, जीवरसायन शिकवायचो. तुम्ही नेमके हेच दोन प्राणी तुलनेला घेतलेत म्हणून राहवत नाही.

बहुतेक पक्षी आणि सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात, यकृतात किंवा मूत्रपिंडात, साखरेपासून बनवतात. कुत्र्याला लिंबू चोखावं लागत नाही ते यामुळे. माणसाला, माकडांना आणि गिनीपिगला हे जमत नाही, शेवटच्या पायरीचं एक एन्झाइम आपल्याकडे चालत नाही. १९५० च्या दशकात कोलकात्यात यावर बरंच काम झालं आणि त्यानंतर जीवरसायनाच्या पुस्तकांत 'ज्यांना क जीवनसत्त्व बनवता येत नाही' अशा प्राण्यांच्या यादीत माणसाच्या पंगतीला दोन पाहुणे आले: लालबुड्या बुलबुल आणि आपलं भारतीय फळखाऊ वटवाघूळ. एक पक्षी, एक सस्तन. एकमेकांशी सुतराम संबंध नाही. दोघांची उणीव एकच, आणि दोघांचं ताट एकच. आहारात फळं इतकी की बनवायची शक्ती गेली तरी अडलं नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. ते सगळ्या फळखाऊंना लागू पडत नाही, त्यामुळे जपून घ्या.

मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, 'सर, मग बुलबुलाला स्कर्व्ही होतो का?' पिंजऱ्यात नुसतं धान्य देऊन ठेवला तर हाल होणारच. फळं हवीतच.

अबोली
सर, हे कधीच ऐकलं नव्हतं. म्हणजे त्या चिकूवर आपण, बुलबुल आणि वटवाघूळ एकाच कारणासाठी उभे आहोत?

जुना_मास्तर
चिकूत क जीवनसत्त्व बेताचंच, त्यासाठी पेरू खा. पण हो, यादी एकच.

छोटूची_आई
मूळ विषय गंभीर आहे हे कळतंय, पण माझ्या सहा वर्षांच्या मुलाने गेले काही दिवस डोकं खाल्लंय: वटवाघूळ उलटं लटकून शू कशी करतं? तोंडावर पडत नाही?

रानभूल
छोटूला शाबासकी. मोठं वटवाघूळ अशा वेळी सुलटं होतं. पंखाच्या वरच्या बाजूला त्याचा अंगठा असतो, नखाचा आकडाच तो. त्याने फांदी धरायची, पाय सोडायचे, डोकं वर, कार्यक्रम उरकायचा, अंग झटकायचं आणि पुन्हा उलटं. झोपेत ते पडत नाही याचं कारण पायातल्या स्नायुबंधांना खाच असते, शरीराच्या भारानेच पंजा बंद राहतो. बुलबुल फांदीवर झोपतो तेव्हा त्याचीही पकड अशीच न धरता धरलेली असते.

त्याला हेही सांगा की वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हात. लांबलचक बोटं आणि मध्ये ताणलेली कातडी. बुलबुलाच्या पंखात बोटं जवळजवळ विरून गेलीत, काम पिसं करतात. पीस तुटलं तर नवं येतं. कातडी फाटली तर भरते, पण तोवर उडण्याचे हाल.

छोटूची_आई
सांगितलं. आता तो पडद्याला लटकतोय. धन्यवाद(!)

टवाळ_मांडवी
दुसऱ्या अर्ध्या कार्यक्रमाच्या वेळी घरात थांबू नका.

नाडीपरीक्षा
धाग्यावर निपाह कुणी काढला नाही म्हणून मीच काढतो, मिटिंगमध्ये तो निघणारच. हा विषाणू फळखाऊ वटवाघळांत, मुख्यतः मोठ्या जातीत राहतो. भारतातले उद्रेक बंगाल आणि केरळात झाले, सिलिगुडी २००१, कोळिकोड २०१८ वगैरे. बांगलादेशात तो पसरण्याचा मोठा रस्ता खजुरीचा कच्चा रस हा आहे. रात्री मडकं लावलेलं असतं, वटवाघूळ येऊन रस चाटतं, लाळ-मूत्र त्यात पडतं आणि सकाळी माणूस पितो. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे नीरो, म्हणजे नीरा, प्यायची हौस असते. मडक्यावर जाळी किंवा झाकण असतं का, एवढं विचारत जा.

सोसायटीसाठी सरळ नियम. कुरतडलेलं फळ 'तेवढाच भाग कापून' खायचं नाही, टाकायचं. पडलेली फळं मुलांनी उचलायची नाहीत. खाली आलेलं वटवाघूळ उघड्या हाताने धरायचं नाही, रेबीजचाही प्रश्न असतो. चावलं तर जखम साबणाने भरपूर धुवून लगेच डॉक्टर. एवढं पुरतं. झाडाखालून गेल्याने निपाह होत नाही. आणि फटाके लावून हुसकावल्याने धोका कमी होत नाही, घाबरलेला थवा फक्त दुसऱ्या गल्लीत जातो.

बुलबुलाकडून अशी मोठी भीती नाही, हे तुलनेत प्रामाणिकपणे लिहा नीलाताई. या एका रकान्यात बुलबुल पुढे आहे.

नीला_प्रतापगंज
लिहिते डॉक्टरसाहेब. लपवलं तर मिटिंगमध्ये तेच तोंडावर फेकतील.

कलम_कागद
कायद्याचं बघा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पाचवी अनुसूची उपद्रवी प्राण्यांची होती. तिच्यात कोण? कावळा, उंदीर, घूस आणि फळखाऊ वटवाघळं. त्यांना मारायला कुणाची आडकाठी नव्हती, बुलबुलाला मात्र तेव्हापासून संरक्षण. २०२२ च्या दुरुस्तीने ती उपद्रवींची अनुसूचीच काढून टाकली, एप्रिल २०२३ पासून ते लागू झालं, आणि मोठं वटवाघूळ आता संरक्षितांच्या यादीत आहे. तुमच्या सेक्रेटरींना जुना कायदा आठवत असेल, नवा दाखवा. वडाच्या फांद्या उतरवायच्या तर महापालिका आणि निम्म्या झाडाचे मालक, दोघांना विचारावं लागेल.

अर्धवट
कावळा गवई आणि उपद्रवी, दोन्ही यादीत. आमच्या घराण्यातही एक असे आहेत.

भायलीकर
आमच्या बाजूला गणपतपुऱ्याला तो प्रचंड रुखडो आहे, म्हणजे गोरखचिंच. बघितला नसेल तर बघून या. त्याची फुलं संध्याकाळी उमलतात, पांढरी, लोंबती, वास उग्र. हे झाड मूळ आफ्रिकेतलं आणि तिकडे त्याचं परागीभवन फळखाऊ वटवाघळं करतात. दिवसा येणाऱ्या पाखरांची ती वेळच नाही. सकाळपर्यंत फुलं मलूल होऊन गळायला लागतात. 'वटवाघळाने काय दिलंय' असं वर कुणीतरी विचारलं होतं, म्हणून.

रानभूल
आणि बिया. बुलबुल फळ खातो, जवळच्या झाडावर किंवा तारेवर बसतो आणि तिथे बी टाकतो. म्हणून कुंपणाच्या, तारेच्या खाली रांगेने रोपं उगवतात. वटवाघूळ उडता उडता विष्ठा टाकतं. वडा-उंबराची बारीक बी त्याच्या पोटातून अर्ध्या-पाऊण तासात बाहेर पडते, आणि तेवढ्या वेळात ते कुठल्या कुठे गेलेलं असतं. उघड्या माळावर, जिथे बसायला फांदीच नाही म्हणून पक्षी थांबत नाहीत, तिथे बी पोचवणारं तेच. बुलबुलाला मोठी बीही गिळता येत नाही. मोहाची बी पार दुसऱ्या झाडाखाली नेणं त्याच्या चोचीबाहेरचं काम.

दगडी_वाडा
बियांचं एवढं कौतुक नको. आमच्या वाड्याच्या भिंतीत पिंपळाने मूळ घातलंय, उपटून कंटाळलो. गावातल्या जुन्या इमारतींची तीच कथा. ते बी कुणी टाकलं? तुमच्या या दोन पाहुण्यांनीच.

रानभूल
दोघांनी, शिवाय मैना, तांबट, पोपट यांनी. तक्रार मान्य. रोप दोन पानांचं असताना काढा, खोड झाल्यावर भिंतीसकट येतं.

मे_महिना
एक गोष्ट तुलनेत यायला हवी. बुलबुलाची जोडी एका विणीला दोन-तीन अंडी घालते, दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर, आणखी दोन आठवड्यांच्या आत ती घरट्यातून उडतात. मांजराने, कावळ्याने घरटं मोडलं तर ती पुन्हा बांधते, एका हंगामात दोनदा-तीनदा. मोठ्या वटवाघळाची मादी साधारण पाच महिने गर्भार राहते आणि वर्षाला एकच पिल्लू देते, ते सुरुवातीला छातीला घेऊन उडते. पिंजऱ्यात ही तीस वर्षांहून जास्त जगलेली आहेत. म्हणजे हिशेब उलटा आहे: बुलबुल भराभर मरतो, भराभर वाढतो. वटवाघळांची एक वसाहत उठवली तर ती भरून यायला वर्षं लागतात.

त्यात उन्हाळा. १२ जानेवारी २००२ ला ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये पारा ४२ च्या वर गेला आणि एका दिवसात साडेतीन हजारांवर मोठी वटवाघळं मेली. ४२ म्हणजे आपल्याकडे मेमधला साधा मंगळवार. ती पंखांनी वारा घेतात, अंगाला थुंकी चोपडतात, पण उघड्यावर लटकण्याला मर्यादा आहे. बुलबुल दुपारी दाट झुडपात शिरतो आणि पाण्याच्या कुंडीवर येतो.

वायरमन_फतेगंज
नोकरी विजेची, त्यामुळे हे रोजचं. बुलबुल एका तारेवर बसतो, काही होत नाही. मोठ्या वटवाघळाचा पंख एका तारेवरून दुसरीला टेकतो आणि खेळ खलास. मग ते वाळून महिनोन्‌महिने तिथेच लोंबतं आणि लोक म्हणतात अपशकुन. अपशकुन त्याला झालेला असतो.

अबोली
उत्तरायणही धरा. १४ जानेवारीला संध्याकाळी पतंग उतरत नाहीत आणि नेमकी तीच त्यांची निघायची वेळ. मांज्याने जखमी झालेले पक्षी वाचवणारे करुणा अभियानवाले सांगतात की सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग नको, ते पोपट-बगळ्यांसाठी तसं यांच्यासाठीही. मी ते नेहमी फक्त पक्ष्यांसाठी समजत होते.

सूरसागर_काठी
अवांतर: पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या नावाचं एक वटवाघूळ आहे, माहीत आहे का? १९४८ साली दक्षिणेत पश्चिम घाटात मिळालेला नमुना मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) संग्रहात 'आखूड नाकाचं' म्हणून पडून होता. थायलंडच्या एका संशोधकाने १९७२ मध्ये तो तपासला आणि सांगितलं, ही वेगळीच जात आहे. नाव दिलं सलीम अलींचं. बाकीच्या फळखाऊ वटवाघळांना कायद्यात उंदराशेजारी बसवलं होतं तेव्हा याला पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत नेलं.

टवाळ_मांडवी
वशिला. पक्ष्यांकडून.

डहाणूचा_माळी
नीलाताई, एका झाडासाठी सांगतो. हाताला येतील तेवढे चिकू तयार होताच उतरवा. उंचावरचे त्यांना सोडा. फारच जीव असेल तर घडाला कापडी पिशव्या बांधा. जाळी लावायचीच तर सैल नायलॉनची लावू नका, तिच्यात वटवाघूळही अडकतं, बुलबुलही, आणि साप पण. बोट शिरणार नाही इतकी बारीक आणि ताठ ओढलेली हवी. वाडीला ती परवडत नाही, तुम्हाला परवडेल.

नीला_प्रतापगंज
सगळ्यांचे आभार, कच्चा मसुदा झाला. फटाके आणि फ्लडलाइट रद्द करा, चिकू वेळेवर उतरवा, पडलेली फळं सकाळी सातच्या आत उचला, मुलांना डॉक्टरांचे नियम सांगा. वडाला हात लावायचा नाही. पेरूचं नुकसान, निपाह आणि भिंतीतला पिंपळ हे तिन्ही मुद्दे विरोधी बाजूचे म्हणून प्रामाणिकपणे घातलेत.

आज सेक्रेटरींना भेटायला गेले तेव्हा खरी गोष्ट कळली. त्यांना ना चिकूची पडलीये ना निपाहची. त्यांची नवी पांढरी गाडी आसोपालवाखाली उभी असते आणि रोज सकाळी टपावर चोथा आणि डाग.

अर्धवट
घ्या. राहिलेलं पार्किंग आलं.

कलम_कागद
मग ठराव दोन ओळींचा करा. गाडीची जागा बदलून मधुमालतीच्या बाजूला द्या, बाकी जैसे थे.

रानभूल
मधुमालतीजवळ बुलबुलाची जोडी आहे ना? मग तिथे नका देऊ. विणीच्या दिवसांत नर गाडीच्या आरशात स्वतःला बघतो, दुसरा नर आला समजून चोचीने टकरा मारत राहतो, आणि दरवाजावर डाग पाडून ठेवतो ते वेगळंच. वटवाघूळ निदान टपावर थांबतं.

वायरमन_फतेगंज
आरशांवर जुने मोजे चढवा. आमच्या ऑफिसातले सगळे तेच करतात.